तांबट आळी

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळी आधीं कानांना भेटते, मग डोळ्यांना. घराच्या पुढल्या भागांत कारखाना व मागें बिऱ्हाड, अशी येथली जुनी रीत. पेशवाईंत येऊन वसलेल्या या कारागिरांना निराळें कलादालन कधीं लागलेंच नाहीं. वाटसरू दारांत उभा राहिला कीं कला त्याच्यासमोर घडते.

तांब्याचा पत्रा ठोक्यांनीं कडक होत जातो. तसाच ठोकीत राहिलें तर तडकतो. म्हणून मधूनमधून तापवून तो मऊ करावा लागतो. शेवटीं गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनें ओळीनें ठसे उठवितात, तें मठारकाम. तें निव्वळ शोभेचें नव्हे. त्यानें भांड्यास बळकटी येते.

ॲल्युमिनियम व स्टील आलें आणि बंब, हंडे, घागरी मागें पडल्या. अलीकडे नव्या आकारांचे दिवे, तबकें घडवून मागणी परत आणण्याचे प्रयत्न झाले. जुनें पुणें पाहणारेही आळींत येतात. मात्र पाहुण्यास जे ठोके गोड वाटतात, तेच नव्या इमारतींतल्या रहिवाशास दिवसभर सोसावे लागतात. आळी गांवाबाहेर हलविली तर कारागिरास ऐसपैस जागा मिळेल खरी. पण तेथें त्याच्या दारावरून जाणार कोण?