श्रवणयंत्र आणि तें बसविणारा

चष्मा डोळ्यांवर चढविला कीं दृष्टि तत्काळ निवळते. तसें श्रवणयंत्र कानाला लावलें कीं माणूस त्याच क्षणीं पूर्ववत् ऐकूं लागेल, असा आपला समज असतो. तो खरा नाहीं, आणि त्यामुळेंच कित्येक यंत्रें फडताळांत पडून राहतात.

कमी ऐकूं येणें म्हणजे सगळे आवाज सारखेच मंद होणें नव्हे. वार्धक्यांत बहुधा उंच पट्टीचे ध्वनि प्रथम हरपतात. स्वरांचा जोर खालच्या पट्टींत असतो. स, श, त, थ यांसारख्या व्यंजनांचा नाजूक अंश मात्र वरच्या पट्टींत. म्हणून वृद्धाला शब्द ऐकूं येतो, पण ओळखूं येत नाहीं. कारंज्याच्या बाजारांत सोयाबीनचा व्यवहार चालला असतां ‘सात’ पोतीं कीं ‘साठ’, असा घोटाळा होतो. आपण ओरडून बोलतों. त्यानें आवाज वाढतो, स्पष्टता वाढत नाहीं. पुढें तो मनुष्य चारचौघांत बसेनासा होतो, आणि घरचे म्हणतात, ‘आजोबांना हल्लीं समजत नाहीं.’

यंत्र बसविणाऱ्यानें प्रथम कान तपासावा. कान वाहत असेल, किंवा ऐकणें एकाएकीं गेलें असेल, तर यंत्र न देतां रुग्णाला त्वरित डॉक्टरांकडे धाडणें हेंच त्याचें कर्तव्य. एरवीं श्रवणतज्ज्ञ साधारणतः २५० ते ८,००० हर्ट्‌झपर्यंतचे सूर ऐकवून कोठें किती उणें आहे याचा आलेख काढतो. त्याबरहुकूम यंत्र संगणकावर जुळवितात आणि जरूर तेथें कानाचा ठसा घेऊन साचा घडवितात. साचा सैल राहिला तर यंत्र शीळ घालतें. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्यांत श्रवणतज्ज्ञ व श्रवणयंत्र-कर्णसाचा तंत्रज्ञ या दोघांच्याहि नोंदणीची तरतूद आहे. ती नोंदणी आपण अवश्य विचारावी.

खरें कौशल्य यापुढें लागतें. अनेक वर्षें शांततेला सरावलेल्या मेंदूवर भांड्यांचा खणखणाट एकदम कोसळतो. म्हणून प्रथम घरांत, एकाच माणसाशीं, तास-दोन तास, मग अंगणांत, मग बाजारांत, असा क्रम ठेवावा. झिंक-एअर बॅटरीची चिकटपट्टी काढली कीं आंत हवा शिरून ती चालू होते. पट्टी पुन्हां लावून तिचा खर्च वांचत नाहीं, हें घरच्यांनाहि शिकवावें लागतें.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा झाला. जिल्ह्यांतील वस्ती मुख्यतः खेड्यांची आहे. केंद्राच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेंतून अपंगांना, व २०१७ पासूनच्या वयोश्री योजनेंतून गरीब वृद्धांना, श्रवणयंत्रें मिळूं लागलीं. त्यामुळें किंमतीचा अडसर पुष्कळांपुरता दूर झाला. परंतु वांटपाचें शिबिर एका दिवसाचें असतें, कान जन्माचा. मानोऱ्याकडील एखाद्या म्हातारीचें यंत्र शीळ घालूं लागलें आणि तें दुरुस्त करण्यास जवळ कोणी नसलें, तर ती तें काढूनच ठेवील.

म्हणून यंत्र घेतांना किंमतीच्या आधीं एक प्रश्न विचारावा: महिन्याभरानें तें पुन्हां जुळवून कोण देणार? आणि घरांतील वृद्धाशीं समोर बसून, उजेडांत, सावकाश बोलावें. तेवढें तर आपल्या हातीं आहे.