जामीन कोणाला राहतो? गावातलं घर, कर्ज आणि सरकारची हमी

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर दोघातिघांनी आम्हाला दारातच गाठलं. प्रश्न एकच होता: "सर, घराच्या कर्जामागे सरकार आहे म्हणतात, मग बँक नाही का म्हणते?" तत्त्वज्ञानाच्या मास्तरला हे का विचारावं, असं तुम्हाला वाटेल. पण गोंधळ शब्दांचा आहे, आणि शब्दांचा गुंता सोडवणं एवढाच धंदा आम्ही पस्तीस-चाळीस वर्षं केला.

"सरकारी कर्ज" म्हणताना आपण तीन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. अनुदान, व्याजसवलत आणि हमी.

अनुदान म्हणजे परत न करायचे पैसे. आपल्या खेड्यांत 'घरकुल' म्हणतात ते हेच. इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आली. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. आता साधा भागाकार करा. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, म्हणजे फुटाला साडेचारशे रुपयेही पडत नाहीत. मोसम पुलावर उभ्या असलेल्या कोणत्याही गवंड्याला हा दर सांगून बघा, तो हसेल. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे मिळतात, २०२५ मध्ये राज्यानेही ५० हजारांची भर जाहीर केली. तरी उरलेला खड्डा भरायला माणूस कर्जच शोधतो. योजनेतच ७० हजारांपर्यंत बँकेच्या कर्जाची सोय लिहिलेली आहे. लिहिलेली आहे, एवढंच म्हणतो.

दुसरी, व्याजसवलत. इथे कर्ज बँकेचंच असतं, व्याजाचा काही भाग सरकार उचलतं. शहरी योजनेच्या सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात २५ लाखांपर्यंतच्या कर्जातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. ही शहरांसाठी. गावासाठी २०१७ साली योजना आली ती २ लाखांच्या कर्जावर ३ टक्क्यांची. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पुढचं आम्ही सांगायला नको.

तिसरी गोष्ट हमी, आणि इथे थोडं थांबू.

आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या कॉलेजातल्या एका शिपाईभाऊंना आम्ही जामीन राहिलो. भला माणूस. सही करताना आम्हाला वाटलं, आपण त्याला आधार देतोय. पुढे त्याच्या घरात आजारपण आलं, हप्ते थकले आणि बँकेची नोटीस त्याच्याबरोबर आम्हालाही आली. आम्ही रागाने विचारलं, "आधी त्याच्याकडून वसूल करा ना!" साहेबांनी शांतपणे फॉर्म दाखवला. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आम्ही कांट शिकवत होतो, पण आपण वचन नेमकं कोणाला दिलं हे आम्हाला कळलं नव्हतं. वचन बँकेला दिलं होतं, शिपाईभाऊंना नव्हे.

सरकारची हमी अशीच असते. कर्ज बुडलं तर बँकेचं नुकसान भरून देण्याचं ते आश्वासन आहे. कर्ज माफ होतं, असा तिचा अर्थ नाही. त्याच कायद्याचं १४० वं कलम सांगतं की जामीनदाराने देणं फेडलं की सावकाराचे हक्क त्याच्याकडे येतात. हमीदार म्हणजे माफीदार नव्हे.

मग घेणाऱ्याला फायदा काय? बँकेची भीती कमी होते आणि दार उघडतं. अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यातून ग्रामीण घरांच्या कर्जाची व्यवस्था उभी राहिली. आज तिथलं शेतीखातं खाजगी बँकेच्या ग्रामीण गृहकर्जाला ९० टक्क्यांपर्यंत हमी देतं, त्यामुळे पात्र कुटुंबाला पदरचे पैसे आधी न भरताही घर घेता येतं. हमीचं शुल्क शेवटी घेणाऱ्याच्याच हिशोबात लागतं, हे मात्र खरं. आपल्याकडेही कमी उत्पन्नाच्या घरांसाठी २०१२ साली असा पतहमी निधी झाला, आणि शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तो १ हजार कोटींवरून ३ हजार कोटींवर नेण्याचं ठरलं. पण तोही शहरांसाठी.

आता बँक नाही का म्हणते, त्याकडे येऊ. बँकेला घर दिसत नाही, कागद दिसतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. माणूस ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घेऊन जातो. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. तीन पिढ्या त्याच ओट्यावर बसल्या, सारं गाव साक्षीला आहे, पण तारणाला कागद नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, पुढे एप्रिल २०२० मध्ये देशभरासाठी स्वामित्व योजना आली. त्यातून जी मिळकत पत्रिका मिळते, ती आमच्या मते गावातल्या गृहकर्जासाठी कोणत्याही सवलतीपेक्षा मोलाची आहे. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर ती आणा, नाव तपासा. वारस नोंद राहिली असेल तर आधी ते काम करा.

गावठाणाबाहेर शेतात घर असेल तर दुसरीच अडचण. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येतं, पण शेतजमिनीवरच्या तारणाला तो लागू नाही. हे शेतकऱ्याच्या संरक्षणासाठीच आहे. १८७५ साली पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर १८७९ चा कायदा आला, तेव्हापासून शेतकऱ्याची जमीन सहज जाऊ नये ही धारणा आपल्या कायद्यात मुरलेली आहे. पण जी भिंत सावकाराला अडवते, तीच कर्जालाही अडवते. म्हणून बँक एन. ए. मागते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महसूल संहितेत कलम ४२ ड ची सोय झाली होती, आज काय नियम आहे याची तहसील कार्यालयात चौकशी करा. नोटरी करून घेतलेल्या दोन गुंठ्यांचं दुखणं तर इथल्या अर्ध्या सभागृहाला माहीत असेल. पैसे देण्याआधी वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्या. त्याची फी वाचवायला जाऊ नका, एवढंच आम्ही म्हणू.

आणि उत्पन्न. बँक पगाराची स्लिप मागते. आपल्या लूमवरच्या कारागिराला पगार आठवड्याला आणि रोख. डाळिंबवाल्याला बहार फुटला तर वर्षातून एकदा. उन्हाळ कांदा चाळीत पडून भावाची वाट बघतो, पण हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. पीककर्ज हंगाम पाहून चालतं, मग घरकर्जाने तसं का चालू नये, हा प्रश्न आम्हाला वाजवी वाटतो. तोवर एक करा: आलेला पैसा खात्यातून फिरवा. कारागिराने आठवड्याची मजुरी भरून मग काढावी, शेतकऱ्याने मार्केटच्या पट्ट्या जपून ठेवाव्यात.

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत, उधारी मिळण्याची लायकी आणि अब्रू. गावात माणसाची पत असते, बँकेत कागदाची. "आमची गावात एवढी पत आहे" असं म्हणून मॅनेजरशी भांडणारा माणूस चुकत नसतो. तो पहिल्या पतीविषयी बोलतो, मॅनेजर दुसऱ्या. नकार मिळाला म्हणून अब्रू गेली असं समजून गप्प घरी बसणारे आम्ही पाहिलेत, आणि मग खाजगी फायनान्सवाल्याच्या दारात गेलेलेही. नकाराचं कारण लेखी मागा. बहुतेक वेळा त्यात एका कागदाचं नाव निघतं.

वेळ झाली. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, आधी त्या.