थेटफर्ड : थॉमस पेनचे गाव

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील थेटफर्ड हे जुने बाजारपेठेचे गाव. थेट आणि लिटल औझ या नद्यांचा इथे संगम. नॉर्मनांच्या किल्ल्याचे मातीचे उंच टेकाड आजही उभे आहे. पण आम्हाला हे गाव आपले वाटते ते थॉमस पेनमुळे.

१७३७ साली कंचुक्या शिवणाऱ्या कारागिराच्या घरी तो इथे जन्मला. 'राइट्स ऑफ मॅन' लिहिले म्हणून १७९२ साली इंग्लंडच्या कोर्टाने त्याला गैरहजेरीतच दोषी ठरवले. १९६४ साली त्याच्याच गावात त्याचा सोनेरी पुतळा उभा राहिला. एका हाती लेखणी, दुसऱ्या हाती तेच पुस्तक.

हेच पुस्तक १८४७ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी वाचले. त्याच जोतीरावांना बाबासाहेबांनी गुरू मानले. कारागिराच्या पोराची लेखणी कुठवर पोचली, पाहा! आपल्या लेकरांच्या हाती पुस्तक द्या, एवढेच आमचे सांगणे.