तोलामोलाची जोड

भोसरीच्या भैरवनाथाच्या उत्सवात, किंवा मावळ-खेडातल्या कोणत्याही गावच्या जत्रेत, कुस्त्यांच्या फडावर थोडा वेळ लक्षपूर्वक उभे राहिले, तर सर्वांत कसोटीचे काम मल्लांच्या नव्हे, जोडी लावणाऱ्या वस्तादांच्या वाट्याला आलेले असते, हे ध्यानात येते. दोन पोरे मनगट धरून समोरासमोर उभी करायची, खांद्याला खांदा लावून उंची पाहायची, दंड चाचपायचे, मानेच्या जाडीवरून वजनाचा अदमास घ्यायचा, कोण कोणत्या तालमीचा आणि कितव्या वर्षाचा याची चौकशी करायची, आणि मगच इनामाचा आकडा पुकारायचा, असा हा रिवाज आहे. कारण तोलामोलाची जोड नसेल, तर मल्ल कितीही बलाढ्य असो, त्याची कुस्ती प्रेक्षणीय होत नाही, आणि त्याच्या अंगी असलेले कसबही पुरते प्रकट होत नाही. स्त्रियांच्या कुस्तीचा आपल्या महाराष्ट्रातील इतिहास चाळताना मला सारखे जाणवत राहते ते हेच, की त्यांना बळाची वा धैर्याची वाण कधीच नव्हती. वाण होती ती जोडीची.

हमीदा बानूचे उदाहरण घ्या. मूळची मिर्झापूरची, अलीगढच्या सलाम पहिलवानाच्या हाताखाली तयार झालेली ही स्त्री, उंचीने 5 फूट 3 इंच आणि वजनाने 108 किलो, भारतातील पहिली व्यावसायिक महिला मल्ल म्हणून ओळखली जाते. जो मला चीत करील त्याच्याशी मी लग्न करीन, असे जाहीर आव्हान तिने पुरुष मल्लांना दिले होते, आणि 1954 च्या मे महिन्यात बडोद्यास बाबा पहिलवानाला तिने अवघ्या 1 मिनिट 34 सेकंदांत अस्मान दाखविले. मुंबईच्या प्रेक्षकांना तर ती दहा वर्षांपूर्वीपासून परिचित होती. 1944 साली गूंगा पहिलवानाशी तिची कुस्ती ठरली, तेव्हा सुमारे 20,000 लोक लोटले होते, आणि ती कुस्ती रद्द झाल्यावर त्यांनी दंगा केला होता.

परंतु ही लोकप्रियता मान्यतेत रूपांतरित झाली नाही. कोल्हापुरात, जेथे कुस्तीला राजाश्रयाची परंपरा, तेथेच शोभासिंग पंजाबी या मल्लाला हरविल्यावर प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवून तिच्यावर दगड भिरकावले. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती राष्ट्रीय तालीम संघाने हरकत घेतल्यामुळे रद्द करावी लागली. आपल्या कुस्त्यांवरील सरकारी बंदीविरुद्ध तिने मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे लेखी तक्रार केली, तेव्हा त्यांनी कळविले, की ही मनाई ती स्त्री आहे म्हणून झालेली नाही. तिच्यासमोर बनावट प्रतिस्पर्धी उभे केले जातात, अशा तक्रारी आल्या आहेत. म्हणजे ज्यांना आपण नुरा कुस्ती म्हणतो तसल्या लढतींचा संशय तिच्या नावाला चिकटला. मला या उत्तरात सरकारी सावधगिरीपेक्षा परिस्थितीचा निवाडा अधिक दिसतो. ज्या देशात तिच्या बरोबरीची दुसरी स्त्री तयारच होऊ दिली गेली नव्हती, तेथे खरी जोड आणायची कोठून? 1954 सालीच मुंबईत व्हेरा चिस्टिलिन ही रशियन स्त्रीमल्ल तिच्यासमोर उभी राहिली, ती एक मिनिटही टिकली नाही.

याच संदर्भात जपानचा दाखला उद्बोधक ठरतो. तेथे 1968 साली ‘ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग’ ही कंपनी निघाली, आणि तिच्या लढती दूरचित्रवाणीवर घरोघर दिसू लागल्या. जॅकी सातो आणि माकी उएदा या दोघी ‘ब्यूटी पेअर’ या नावाने एकत्र लढत, एकत्र गातही, आणि शाळकरी मुलींची त्यांच्यावर अपार भक्ती होती. पुढे या मैत्रिणींनाच परस्परांविरुद्ध उभे करण्यात आले. 27 फेब्रुवारी 1979 रोजी टोकियोच्या बुदोकानमध्ये, हरेल तिने कुस्ती सोडावी या अटीवर त्यांची झुंज झाली, उएदा हरली, आणि तिने निवृत्ती पत्करली. अशा व्यावसायिक लढतींचे निकाल बहुधा आधी ठरलेले असतात, हे खरे. म्हणून आपला जुना वस्ताद त्यांना कुस्ती म्हणणार नाही. तरीही, दोन स्त्रियांमधील चुरस हाच एक स्वतंत्र आणि गंभीर विषय होऊ शकतो, त्यासाठी समोर पुरुष असण्याची गरज नाही, हे सहस्रावधी मुलींना त्या लढतींनी पटविले. पुढे स्पर्धेच्या कुस्तीतही, 2004 ला ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना प्रवेश मिळाल्यापासून, काओरी इचो या जपानी मल्लाने सलग चार सुवर्णपदके मिळविली.

आपल्याकडे ही जोड लाभली ती मॅट आणि वजनकाटा यांच्या मार्गाने. हनुमंताच्या अधिष्ठानामुळे तालमीच्या लाल मातीत स्त्रीने पाऊल ठेवू नये, असा दंडक जागोजाग होता. मॅटला असा कोणताही पूर्वग्रह नव्हता. शिवाय वजनगटांची पद्धत आली, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण यांची व्यवस्था आली, आणि वस्तादाच्या नजरेवर विसंबलेले काम काट्याने सोपे केले. आज पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर, आळंदीच्या जोग महाराज व्यायामशाळेत मुली कुस्तीचे धडे गिरवतात, आणि त्या मुली एकमेकींवरच घडतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुहेरी पटाचा सराव हा डावाचा असतो तितकाच जोडीदारणीचाही: एकीने गुडघा टेकून आत शिरायचे, डोके समोरचीच्या बरगडीला घट्ट लावायचे, दोन्ही हात तिच्या गुडघ्यांमागे नेऊन खेचायचे, आणि दुसरीने त्याच क्षणी पाय मागे फेकून आपला सगळा भार तिच्या पाठीवर टाकायचा. समोरची कमी ताकदीची असेल, तर पट नुसत्या जोरावर निघतो आणि शिकायचे ते राहून जाते. भोसरीत एका अंगाला औद्योगिक वसाहतीचे भोंगे आणि दुसऱ्या अंगाला तालमी असा संसार कित्येक वर्षे चालला आहे, महापालिकेचे कुस्ती केंद्रही तेथे आहे; तेथील जत्रांच्या पत्रिकेवर मुलींच्या कुस्त्या मुलांइतक्याच इनामाने छापल्या जाव्यात, असे मला मनापासून वाटते.

पुरुषांची ‘महाराष्ट्र केसरी’ 1961 पासून चालत आली. स्त्रियांची पहिली स्पर्धा मात्र 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत भरली. अंतिम फेरीत सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि कल्याणची वैष्णवी पाटील या दोघी समोरासमोर आल्या, आणि प्रतीक्षाने मानाची चांदीची गदा पटकावली. ज्या कल्याणात हमीदा बानूने दुधाचा धंदा करीत आपले उत्तरायुष्य कंठले आणि 1986 साली जगाचा निरोप घेतला, त्याच कल्याणची मुलगी महाराष्ट्रातल्याच एका मुलीशी भर मैदानात, पंचांच्या साक्षीने आणि कोणाच्याही हरकतीवाचून झुंजली. तो पराभव वैष्णवीला थांबवू शकला नाही. 65 किलो गटातून तिने 2025 च्या जागतिक स्पर्धेसाठी भारतीय संघात स्थान मिळविले.