पौषातला एक दिवस : कार्ल्याचे लेणे आणि उमाबाईंचे तळेगाव

पौष महिना आम्हां बायकांना तसा सोयीचा. लग्नकार्ये नसतात, मुंजी नसतात, बारशाचे आमंत्रणही चुकूनच. संक्रांतीची धांदल सुरू व्हायला आठवडाभर अवकाश असतो. म्हणून पुण्यातल्या आमच्या महिला मंडळाची वर्षाची सहल आम्ही पौषातच काढतो, आणि तीही बुधवारी. रविवारी गेले की देवाचे दर्शन रांगेत आणि लेण्याचे दर्शन लोकांच्या डोक्यांवरून!

यंदा ठरले कार्ल्याचे लेणे आणि येताना तळेगाव दाभाडे. सतरा जणी, सतरा जागांची मिनीबस, चहा-नाश्ता धरून दरडोई सहाशे रुपये. जेवण घरून. खजिनदारबाईंनी वाटपच करून दिले होते : पाच जणींनी दशम्या, चौघींनी तिखटमिठाच्या पुऱ्या, दोघींनी दहीभात, एकीने शेंगदाण्याची चटणी आणि एकीने फक्त लिंबाचे लोणचे. ज्यांच्या घरी आजारपण किंवा लहान मूल आहे त्यांनी काही आणायचे नाही. हा नियम फार चांगला आहे. नाहीतर सहलीच्या आदल्या रात्री बारापर्यंत स्वयंपाकघरात आणि सकाळी डोळ्यांवर झोप, अशी निम्म्या जणींची गत होते.

जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने कामशेत मागे टाकले की डाव्या हाताला लोहगड दिसू लागतो. त्या गडाकडे जाताना नीट पाहून ठेवा. संध्याकाळी तळेगावात त्याची आठवण निघणार आहे. कार्ल्याचा फाटा उजवीकडे. डोंगराच्या पोटापर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्या. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी घाबरायचे कारण नाही, पण घाईही करायची नाही. दर तीस-चाळीस पायऱ्यांवर टेकायचे, पाण्याचा घोट घ्यायचा. आमच्यातल्या अडुसष्ट वर्षांच्या काकू अशाच चढल्या आणि चाळिशीतल्या दोघींच्या आधी वर पोचल्या! हातात प्रसादाची उघडी पिशवी मात्र ठेवू नका, वानरांचे लक्ष असते.

वर पोचल्यावर प्रथम दिसते ती एकवीरा आई. कोळी, आगरी, कायस्थ प्रभू अशा किती घराण्यांची ही कुलस्वामिनी! चैत्रात यात्रेला डोंगर माणसांनी फुलून जातो. देवीचे देऊळ लेण्याच्या अगदी दारात आहे. इतके, की लेण्यापुढे उभा असलेला सोळा पैलूंचा सिंहस्तंभ आणि देवळाचा कळस एकाच नजरेत येतात. मूळचे दोन स्तंभ होते, दुसऱ्याच्या जागी आता देऊळ आहे असे सांगतात.

ओटी भरण्यासाठी आम्ही खण-नारळ नेले होते. एकेक जण पुढे होत होती. आमच्यातल्या एका वहिनींचे यजमान दीड वर्षापूर्वी गेले. त्या हळूच मागे सरकल्या, चपलांवर लक्ष ठेवायच्या निमित्ताने. कुणी काही म्हणाले नाही, आणि हे ‘कुणी काही न म्हणणे’च बहुतेक ठिकाणी चालते. खजिनदारबाईंनी आपल्या हातातले ताट तसेच धरले आणि मागे वळून त्या म्हणाल्या, “वहिनी, या. कुलस्वामिनी तुमची आहे, माझी नाही. आधी तुम्ही.”

“अहो, पण मी कशी...”

“आईची ओटी लेकीनं भरायची. त्यात कशी नि कोण हे कुठून आलं?”

वहिनींनी ओटी भरली. त्यांचे हात कापत होते. रांगेतल्या दुसऱ्या गावच्या एक आजी आमच्याकडे टक लावून पाहात होत्या. त्या आता काही बोलणार असे वाटले. पण त्यांनी आपल्याजवळच्या वेणीतला एक पदर तोडला आणि वहिनींच्या हातावर ठेवला. वहिनींनी तो माळला नाही, पदराच्या टोकाला बांधून घेतला. संक्रांतीचे हळदीकुंकू आठवड्यावर आले होते. बोलावणे कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, याबद्दल मंडळात दर वर्षी कुजबुज होते. यंदा ती झाली नाही, एवढेच सांगते.

आता लेणे. आमच्या अडुसष्ट वर्षांच्या काकू म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून पंधरा-वीस वेळा तरी आले असेन इथं. नवस फेडायला, जावळाला, नव्या सुनेला घेऊन. पण देवीला हात जोडले की पुरुषमंडळींचं ‘चला, चला’ सुरू व्हायचं. शेजारी काय आहे ते आत जाऊन कधी पाहिलंच नाही.” पंचेचाळीस वर्षांत पंधरा-वीस फेऱ्या, आणि लेण्याचा उंबरा ओलांडला तो आज! तुमच्याही घरात अशा काकू असतील, विचारून पाहा.

आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटे काहीच बोलवत नाही. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फुटांच्या आसपास रुंद आणि तितकेच उंच असे हे दालन एका अखंड डोंगरात कोरून काढले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे ते पुरे झाले. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे. एकंदर सदतीस खांब आहेत. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीचे, आणि मागे स्तूपाला वळसा घालणारे सात अगदी साधे. नक्षीच्या खांबांची बैठक नीट पाहा, पाण्याचा घडा ठेवावा तशी आहे. वर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. त्या बायकांची कर्णभूषणे आणि पायांतले जाड वाळे पाहण्यात आमची पाऊण तासाची निश्चिंती झाली. एकीने तर वाळ्यांचे चित्रच काढून घेतले, सोनाराला दाखवायला!

पण मान वर करायला विसरू नका. छताला कमानीसारख्या ज्या फासळ्या दिसतात त्या दगडाच्या नाहीत, लाकडाच्या आहेत, आणि त्या मूळच्या आहेत. दोन हजार वर्षांचे लाकूड! आपल्या घरातल्या लाकडी कपाटाला दहा वर्षांत वाळवी लागते. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. दगडाच्या छताला खरे तर लाकडाच्या आधाराची काही गरज नव्हती. त्याआधीची सभागृहे लाकडाची असत, तीच रीत कारागिरांनी डोंगरातही पाळली. आपण नाही का, गॅसची शेगडी आली तरी नव्या घरात पहिले दूध उतू घालतोच!

हे सगळे केले कुणाच्या पैशाने? ओसरीतल्या एका लेखात वैजयंती गावच्या भूतपाल शेठीचे नाव आहे. जंबुद्वीपातले सर्वोत्तम शैलगृह आपण पुरे केले असे तो अभिमानाने सांगतो. पण एकट्या शेठजीचे हे काम नव्हे. खांबाखांबांवर देणाऱ्यांची नावे आहेत. धेनुकाकट गावचे यवन आहेत, सुतार आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंसाठी करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख आहे. त्या वेळी या जागेला वलूरक म्हणत. म्हणजे आपल्याकडे देवळाच्या बांधकामाला जशी वर्गणी जमते, फरशीवर नावे घालतात, तसेच हे.

आणि त्या नावांत बायका आहेत. कोडी नावाची एक भिक्षुणी, घुणिकाची आई. तिने दगडी कठड्याची नक्षी दिली आणि ती नदिकाने घडवली, असे लेख सांगतो. दुसरी भायिला, महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई. दोघींचीही ओळख मुलाच्या नावाने करून दिलेली! यावर आमच्यात बराच वाद झाला. एकीचे म्हणणे, “बघा, तेव्हाही अमक्याची आई हीच ओळख.” बँकेतून निवृत्त झालेल्या ताईंना ते पटले नाही. “पण आधी स्वतःचं नाव आहे ना? भायिलेचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव घरात कुणाला ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. मला ताईंचेच म्हणणे पटते. भायिलेने पैसे दिले, आणि ते तिने दिले असे लिहून ठेवावेसे कुणाला तरी वाटले.

जेवण पायथ्याशी झाडाखाली. बायकांच्या सोयीबद्दल एक रोखठोक सूचना : गाडी ठरवतानाच वाटेत कुठे थांबायचे ते ठरवा आणि शक्य तर त्या ठिकाणी आधी कुणाला तरी पाहून यायला सांगा. आम्ही सकाळी जिथे चहाला थांबलो तिथल्या न्हाणीघराला कडीच नव्हती. दोघींनी बाहेर उभे राहून पदराआड सोय केली. दिवसभर पाणीच न पिणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने डोके दुखते आणि पुढे लघवीची जळजळ लागते.

तळेगावच्या वाटेवर वडगाव मावळ लागते. इंग्रजांची फौज १७७९ च्या जानेवारीत, म्हणजे याच दिवसांत, मुंबईहून पुण्यावर चालून आली होती. राघोबादादांना गादीवर बसवायचे होते. बरोबर सामान इतके, की ते ओढायला १९,००० बैल! ४ जानेवारीला कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. शत्रूकडचा असूनही त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ नाव दिले. त्याची समाधी वडगावात आहे. इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा गाव जळून गेलेले होते. शत्रूला दाणा मिळू नये म्हणून मराठ्यांनीच ते जाळले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत संपते. पण कणग्या भरलेल्या असतील, पौषातली नवी ज्वारी अजून शेतात असेल, आणि घरातल्या बाईला रात्रीतून पोरेबाळे घेऊन निघायला सांगितले असेल. आमच्या गाडीत जरा वेळ सगळ्याच गप्प झाल्या. पुढे इंग्रजांनी ११ जानेवारीच्या रात्री माघार घेतली, जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, आणि वडगावला तह करून सुटका करून घेतली.

तळेगाव हे दाभाड्यांचे. सेनापती खंडेराव दाभाडे १७२९ मध्ये वारले. थोरला मुलगा त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पडला, आणि तोही परक्याशी लढताना नव्हे, बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी. दोन वर्षांत नवरा आणि मुलगा! शाहूमहाराज समजूत घालायला स्वतः तळेगावास आले, त्यांनी उमाबाईंच्या हाती तलवार देऊन बाजीरावांना पुढे उभे केले आणि उमाबाईंनी ती चालवली नाही, असे सांगतात. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांच्या नावे झाले, कारभार मात्र उमाबाईंच्या हाती. १७३२ मध्ये त्या अहमदाबादेवर चालून गेल्या. विधवा बाई फौज घेऊन आली म्हणून शत्रूने हिणवले, आणि उत्तर रणात मिळाले, ही कथा तळेगावात अजून सांगतात.

नाशिकजवळच्या सप्तशृंगी गडाच्या सुमारे पावणेपाचशे दगडी पायऱ्याही उमाबाईंनीच बांधविलेल्या. आपल्यापैकी किती जणी त्या चढल्या असतील, आणि किती जणींना बांधणारीचे नाव ठाऊक असेल?

शेवट सुखाचा नाही. १७५० मध्ये सातारच्या ताराबाईंनी पेशव्यांविरुद्ध उचल केली, तेव्हा उमाबाईंनी त्यांची बाजू घेतली. सत्तरीच्या पुढच्या ताराबाई आणि उतारवयातल्या उमाबाई! डाव फसला. दाभाड्यांच्या कुटुंबातली माणसे १७५१ मध्ये लोहगडावर कैदेत गेली. सकाळी ज्याच्याकडे पाहायला सांगितले होते तो हाच गड. १७५३ मध्ये पुण्यात त्यांचे देहावसान झाले. समाधी तळेगावात बनेश्वराच्या आवारात आहे. ऊन उतरू लागले होते. सकाळच्या आमच्या वहिनी समाधीपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग पदराची गाठ सोडून तो वेणीचा तुकडा त्यांनी तिथे ठेवला. फुले सुकली होती, वास होता.

तळेगावात वेळ असेल तर जुन्या गल्ल्यांतून एक फेरी मारा. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडाचा काचकारखाना इथे १९०८ मध्ये सुरू झाला. स्वदेशी काचसामानाचे नाव निघाले की तळेगाव आठवणाऱ्या आज्या पूर्वी घरोघर होत्या. गडकिल्ल्यांवर पायी हिंडणारे गो. नी. दांडेकरही इथलेच रहिवासी.

गाडी परवडत नसेल तर पुण्याहून लोणावळ्याची लोकल आहे. मळवलीला उतरावे, तिथून रिक्षाने कार्ल्याचा पायथा. परतताना त्याच मार्गावर वडगाव आणि तळेगाव ही स्थानके लागतात. मळवलीच्या दुसऱ्या बाजूला भाजे लेणी आहेत, कार्ल्याहूनही जुनी. पण एका दिवसात दोन डोंगर आणि एक गाव असा हव्यास करू नका. आम्ही भाजे पुढच्या पौषावर ठेवले आहे, आणि काकूंनी आपले सहाशे रुपये आत्ताच खजिनदारबाईंच्या हवाली केले आहेत.