नांदूरमध्यमेश्वर : मोजदाद पक्ष्यांची, हिशेब पाण्याचा

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी, इंग्रजी अमदानीत सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. नद्यांचा गाळ त्यामागे साचत गेला, उथळ पाणी आणि चिखलाचे पट्टे तयार झाले आणि शेतीसाठी केलेली सोय पाखरांच्याही पथ्यावर पडली. १९८६ मध्ये हे अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. इथे पक्षीगणना झाली की बातमी होते ती एकूण आकड्याची. तो एकटा आकडा मात्र फार थोडं सांगतो, कधी दिशाभूलही करतो. त्याच्या शेजारी त्या दिवशीच्या पाण्याची नोंद असेल, तरच त्याला अर्थ येतो.

थापट्या बदक उथळ पाणी चोचीने गाळून खातं, शेकाट्याला घोट्याएवढं पाणी नाहीतर उघडा चिखल लागतो, तर वारकरी बुडी मारून पाणवनस्पती वर काढतो. गंगापूर, दारणा या वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं आणि पातळी वाढली, की चिखल बुडतो आणि शेकाटे दुसरीकडे जातात. त्या सकाळची गणना घट दाखवेल; प्रत्यक्षात पक्षी फक्त हललेले असतात. उलट, अवर्षणात आसपासचे तलाव आटले तर तिथले थवे इथे गोळा होतात. तेव्हा फुगलेला आकडा ही आनंदाची बातमी नसून टंचाईची खूण असते.

यावर पहिला आक्षेप असा, की हजारोंचा थवा नेमका मोजताच येत नाही. खरं आहे. मोजणारा आधी दहा पक्षी नीट मोजतो, तेवढा तुकडा नजरेत धरतो, त्यावरून शंभराचा अंदाज बांधतो आणि तोच पट थव्यावर सरकवत जातो. इतक्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी डोक्यावर आला, की सगळं उडतं आणि मोजणी पहिल्यापासून. पण जागा, वेळ आणि रीत तीच ठेवली, तर चूकही बरीचशी सारखी राहते आणि वर्षावर्षांची तुलना निभावते. दुसरा आक्षेप : मोबाइलवर रोज एवढ्या नोंदी होत असताना ठरावीक गणना कशाला? त्या नोंदी मोलाच्याच. पण हौशी माणूस दुर्मीळ पक्ष्यामागे जातो, रविवारी जातो, आणि काही दिसलं नाही हे क्वचितच लिहितो. पट्टकादंब शोधूनही दिसले नाहीत, ही नोंद दिसल्याइतकीच महत्त्वाची आहे. आणि बंधाऱ्याचं पाणी आधी शेतीचं, मग पाखरांचं, असं म्हणणाऱ्यालाही पक्षी आणि पाणी यांची अशी एकत्र नोंद उपयोगाची आहे. कोणत्या पातळीला कोणते पक्षी टिकतात हे तारखेनिशी दाखवता आलं, तर आवर्तनाच्या नियोजनात पाखरांची बाजू पुराव्यानिशी मांडता येईल. त्यासाठी गणनेच्या तक्त्यात पाण्याच्या पातळीचा एक रकाना हवा, आणि तो दरवेळी भरला जायला हवा.