परदेशातील बिऱ्हाड आणि मुलाची शाळा

बदलीचा हुकूम हाती पडला, की संसाराची आवराआवर सुरू होते. सामानसुमान कोठे ठेवावयाचे, घर कोणाच्या हवाली करावयाचे, वृद्ध आईवडिलांची व्यवस्था काय, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. घरात शाळेत जाणारा मुलगा असला, तर त्याच्या शाळेचा प्रश्न या सर्वांना मागे सारून पुढे येतो. बदली नागपूरहून दिल्लीला असेल, तर त्याचे उत्तर निदान परिचयाचे असते. केंद्रीय विद्यालयांची जी साखळी १९६३ पासून देशभर पसरली, तिचे दार बदलीवर येणाऱ्या सरकारी नोकराच्या मुलाला अग्रक्रमाने उघडते. बदली लंडनला झाली, म्हणजे हे दार मागे राहते. उच्चायुक्तांच्या कचेरीत जाणारा अधिकारी असो, तेथील सरकारी रुग्णालयात रुजू होणारा डॉक्टर असो, की संगणकाच्या व्यवसायातील इंजिनियर असो, प्रत्येकाला हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. आणि तो सोडवताना चूक झाली, तर तिचे मोल बापाला नव्हे, मुलाला द्यावे लागते.

पहिला घोटाळा होतो तो शब्दांचा. इंग्लंडात ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सार्वजनिक शाळा नव्हे, तर भरमसाट फी घेणारी जुनी खाजगी शाळा. ज्या हॅरो शाळेत जवाहरलाल नेहरू १९०५ साली दाखल झाले, ती याच वर्गातील. अशा खाजगी शाळांच्या फीवर जानेवारी २०२५ पासून वीस टक्के करही बसू लागला आहे. पगारावर संसार चालविणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा मार्ग त्यामुळे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांकडेच वळतो. तेथे फी नाही. गणवेश, दुपारचे जेवण आणि प्रवास यांचा खर्च तेवढा येतो. नोकरीनिमित्त राहण्याची परवानगी मिळालेल्या पालकाबरोबर आश्रित म्हणून आलेल्या मुलाला या शाळा खुल्या आहेत. केवळ पाहुणा म्हणून आलेल्या मुलाला मात्र त्यांत शिकता येत नाही. तेव्हा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवणे इष्ट.

दुसरा घोटाळा अधिक खोल आहे. इंग्लंडात पालक शाळा निवडतो, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः कायद्याने पालकाला दिलेला अधिकार पसंती कळविण्याचा आहे, निवडण्याचा नव्हे. पसंतीच्या शाळेत जागा असेल, तर ती मिळते. अर्ज जागांहून अधिक आले, तर शाळेने आगाऊ प्रसिद्ध केलेल्या नियमांनी निकाल लागतो. हा भेद ध्यानात आला, म्हणजे शाळेच्या नावापासून विचार सुरू करणे का चुकीचे आहे, ते उमगते. विचाराचा क्रम असा हवा: मुलाची जन्मतारीख, पोहोचण्याचा महिना, राहण्याचे ठिकाण आणि सर्वांत शेवटी शाळेचे नाव.

जन्मतारखेला तेथे फार महत्त्व आहे. १ सप्टेंबर ते पुढील ३१ ऑगस्ट या बारा महिन्यांत जन्मलेली मुले सामान्यतः एकाच वर्गात बसतात. मुलगा येथे कोणत्या इयत्तेत होता वा त्याला किती गुण मिळाले, यावरून वर्ग ठरत नाही, वयावरून ठरतो. माध्यमिक शाळेची सुरुवात सातव्या वर्षाच्या वर्गाने होते. ३१ ऑगस्टपर्यंत अकरा वर्षे पूर्ण केलेला मुलगा त्यात सप्टेंबरमध्ये प्रवेश करतो. महाराष्ट्रात हे वय साधारण सहावीचे. तेव्हा वर्गाचा आकडा एकाने वाढला म्हणून मुलाने एक इयत्ता ओलांडली, असे समजण्याचे कारण नाही.

त्यानंतर महिना. सातव्या वर्गासाठीचे अर्ज आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत स्थानिक कौन्सिलकडे द्यावे लागतात आणि त्यांचा निकाल १ मार्चच्या सुमारास लागतो. निदान तीन शाळा क्रमाने लिहिता येतात; लंडनमध्ये सहा. एकच नामांकित शाळा लिहून बाकीच्या ओळी कोऱ्या ठेवल्या, तर आपला आग्रह दिसेल आणि काम होईल, असे पुष्कळांना वाटते. हा निव्वळ भ्रम होय. शाळेला पालकाचा पसंतीक्रम कळतच नाही. प्रत्येक शाळा आपल्या नियमांनी मुलांची क्रमवारी लावते आणि ज्या ज्या शाळांत जागा मिळू शकते, त्यांपैकी पालकाच्या यादीत सर्वांत वर असलेली एकच जागा कौन्सिल देऊ करते. कोऱ्या ओळीने काही साधत नाही. उलट ती एकमेव शाळा हुकली, तर इतरांच्या वाटपातून जी उरेल ती शाळा पदरी पडते.

मुदत टळल्यावर किंवा वर्षाच्या मध्यावर पोहोचणाऱ्या कुटुंबाची गोष्ट निराळी. तेथे प्रश्न ‘उत्तम शाळा कोणती’ हा नसून ‘जागा कोठे रिकामी आहे’ हा असतो. असा अर्ज कौन्सिलकडे, अथवा काही ठिकाणी थेट शाळेकडे, करता येतो. २०२१ च्या प्रवेशसंहितेप्रमाणे शाळेच्या कामाच्या पंधरा दिवसांच्या आत उत्तर मिळालेच पाहिजे. नकार आला, तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात आणि पालकाला स्वतंत्र मंडळापुढे अपील करता येते. प्रतीक्षायादीत नावही घालता येते. पण तेथे ‘आधी येईल त्याला आधी’ हा न्याय चालत नाही. उद्या येणारा मुलगा शाळेच्या अधिक जवळ राहत असेल, तर आज यादीत असलेला मुलगा एका पायरीने खाली सरकू शकतो.

येथे घराचा प्रश्न येतो. जागा अपुऱ्या पडल्या, म्हणजे प्रथम सरकारच्या छत्राखाली वाढणारी निराधार मुले, मग बहुधा त्याच शाळेत शिकणाऱ्यांची भावंडे आणि मग घर व शाळा यांतील अंतर, असा सामान्य क्रम असतो. धर्मसंस्थांच्या शाळा आपल्या पंथाच्या मुलांना अग्रक्रम देऊ शकतात. मागील वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली, हे अनेक कौन्सिले प्रसिद्ध करतात. तो आकडा दर वर्षी हलतो, म्हणून त्याच्या काठावर घर घेणे धोक्याचे. पत्ताही खरा हवा. दुसऱ्याच्या पत्त्यावर मिळविलेली जागा उघडकीस आल्यावर काढून घेतली जाऊ शकते. तात्पर्य, भाड्याच्या करारावर सही करण्यापूर्वी त्या भागातील शाळांची चौकशी व्हावयास हवी. कचेरीजवळचे घर आधी आणि शाळा मागाहून, हा क्रम महागात पडतो.

आता खास मुलांच्या शाळेविषयी. इंग्लंडातील बहुतेक सरकारी माध्यमिक शाळा मुलामुलींच्या एकत्र आहेत. केवळ मुलांच्या शाळा थोड्या. मुलींच्या शाळांहूनही कमी. त्यांचे स्वरूप समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो. १९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारी शाळांतील माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. परंतु अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन हुशार ठरलेल्यांना ग्रामर स्कूल आणि उरलेल्या बहुतेकांना दुय्यम गणली जाणारी शाळा, अशी वाटणी रूढ झाली. १९६५ साली सरकारने परिपत्रक काढून सर्वांसाठी एकच, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ शाळा उभारण्याचा आग्रह धरला. १९९८ च्या कायद्याने नव्या ग्रामर शाळा काढण्यास बंदी केली. जुन्यांपैकी १६३ उरल्या आहेत. केंट व बकिंगहॅमशायर या परगण्यांत ती पद्धत अजून नांदते. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एकही ग्रामर शाळा नाही.

नामांकित सरकारी मुलांच्या शाळांपैकी पुष्कळशा या ग्रामर शाळा आहेत. उत्तर लंडनमधील बार्नेट येथील क्वीन एलिझाबेथ शाळा १५७३ सालची. तेथे प्रवेश मुख्यतः परीक्षेतील गुणानुक्रमाने मिळतो आणि जागांच्या कित्येक पट मुले परीक्षेला बसतात. अन्यत्र काही शाळा उत्तीर्ण झालेल्यांतून अंतर पाहून निवड करतात. परीक्षा बहुधा प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात होते आणि तिची नावनोंदणी त्यापूर्वीच्या उन्हाळ्यातच आटोपते. नोव्हेंबरात विमानतळावर उतरलेल्या कुटुंबाला म्हणून ती वाट बहुधा बंद झालेली असते. शिवाय अशा शाळेचे निकाल चांगले लागतात, याचे श्रेय पूर्णतः शाळेला देता येत नाही. निवडून घेतलेल्या मुलांचे निकाल चांगले लागणारच. त्यात मुली नाहीत म्हणून ते चांगले लागतात, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

पालकांच्या मनातील दुसरी कल्पना शिस्तीची. मुलगा मुलांच्या शाळेत असला, तर परदेशी वातावरणात बहकणार नाही, असे आईवडिलांस वाटते. ती चिंता समजण्यासारखी आहे; पण तिचे उत्तर शाळेच्या प्रकारात नसून त्या विशिष्ट शाळेत असते. अनेक मुलांच्या शाळा सोळाव्या वर्षानंतरच्या वर्गांत मुलींनाही घेतात. घरात धाकटी बहीण असेल, तर तिला दुसरी शाळा शोधावी लागते आणि भावंडांच्या अग्रक्रमाचा लाभ जातो. सकाळी दोन दिशांना दोन मुले धाडण्याची कसरत निराळीच. उलट एखादा संकोची मुलगा मुलांच्याच शाळेत संगीत, चित्रकला, नाटक यांत मोकळेपणाने रमतो, असेही घडते. मुलाचा स्वभाव पाहूनच हे ठरवावे.

शाळा पारखावी कशी? महाराष्ट्रात जुन्या काळी दिपोटी शाळा तपासावयास येत, तसे तेथे १९९२ च्या कायद्याने ‘ऑफस्टेड’ हे तपासणी खाते आले. ‘उत्कृष्ट’, ‘चांगली’ असा एका शब्दाचा शेरा ते सरकारी शाळांना देत असे. सप्टेंबर २०२४ पासून तो बंद झाला. म्हणून जुना शेरा प्रमाण न मानता अहवाल सबंध वाचावा. गुणांच्या टक्केवारीहून अधिक बोलका असतो तो अकराव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत मुलांनी केलेल्या प्रगतीचा आकडा. मात्र महामारीमुळे २०२० व २०२१ साली प्राथमिक परीक्षा झाल्या नाहीत, म्हणून त्या मुलांचा हा आकडा काढता येत नाही. याहून मोठी कसोटी प्रत्यक्ष भेटीची. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला सोबत कोण देते, त्रास देणाऱ्या मुलाविरुद्ध तक्रार कोणाकडे करावयाची, शिक्षक किती वर्षे टिकतात, हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

सर्वांत नाजूक वय चौदा ते सोळा हे होय. दहावा आणि अकरावा हे दोन वर्ग मिळून जीसीएसई या परीक्षेचा अभ्यासक्रम होतो. परीक्षा मंडळे अनेक आहेत आणि नेमलेली पुस्तके शाळेगणिक बदलतात. अकराव्या वर्गाच्या मध्यावर दाखल झालेल्या मुलाला वर्गाने आधीच वाचून संपविलेले नाटक व कादंबरी एकट्याने गाठावी लागते. असा मुलगा घरात असेल, तर गाजलेल्या शाळेपेक्षा त्याचे विषय चालू ठेवू शकणारी शाळा हितकर. तेही साधत नसेल, तर त्याने येथील दहावी पुरी करून मागाहून जावे, हा पर्यायही कमीपणाचा मानू नये. तीन वर्षांनी परतावयाचे असेल, तर परतीचे वर्षही आजच मोजून ठेवावे.

एक उणीव कोणतीही शाळा भरून काढणार नाही. जीसीएसईला बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू हे विषय घेता येतात. मराठी घेता येत नाही. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था तेथे आहेत. तरी मराठीची मुख्य शाळा जेवणाच्या ताटाभोवतीच भरावयाची असते. आणि शाळेची यादी करावयाची असेल, तर तीही त्याच ताटाभोवती, मुलाला शेजारी बसवून करावी. नव्या देशात, अनोळखी वर्गात, पहिल्या दिवशी एकट्याने पाऊल टाकावयाचे असते ते त्याला. यादीतील पहिले नाव का लिहिले आणि ते हुकले तर पुढे काय, हे त्याला ठाऊक असले, म्हणजे दुसऱ्या वा तिसऱ्या शाळेच्या दारातही तो हरलेला म्हणून शिरणार नाही.